तीन एचपी की पाच? आधी दोरी घेऊन विहिरीवर जा

या वेळचं पत्र गुहागर तालुक्यातून आलं आहे. पत्र मोठं आहे, कामापुरतं इथे देतो.

"समुद्रापासून दोन-तीनशे पावलांवर आमचं आगर आहे. चाळीस माड, साडेतीनशे पोफळी, मध्ये केळी, थोडी जायफळं आणि मिरी. सासरे गेल्यापासून चार वर्षं मीच बघते, हे मुंबईला नोकरीत. विहीर पाच परस (तीस फूट) खोल, दहा फूट रुंद. श्रावणात काठोकाठ भरते, वैशाखात तळाशी चार फूट पाणी उरतं. आतल्या ओट्यावर सासऱ्यांनी २ एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) बसवला होता. मृगाच्या आधी तो बाहेर काढतो, दिवाळीनंतर परत बसवतो. त्यांच्या वेळी पाणी फक्त घरामागच्या टाकीत चढायचं. टाकी विहिरीच्या काठापासून पंचवीसेक फूट उंच, पाइप साडेतीनशे फूट, सव्वा इंची. मी नवीन पोफळी लावल्या तेव्हा विहिरीजवळच एक कॉक काढून घेतला आणि संध्याकाळी तिथून थेट पाटाला पाणी सोडायला लागले. तेव्हापासून दोन वर्षांत मोटर दोनदा जळली, दोन्ही वेळा फाल्गुन-चैत्रात. दुकानदार म्हणतो ३ एचपी घ्या. शेजारच्या आगरात ५ एचपी आहे. हे फोनवर म्हणतात, एकदाच मोठी घे म्हणजे कटकट मिटेल. सासूबाई म्हणतात, रहाट होता तेव्हा आगर कधी सुकलं नाही. कनेक्शन सिंगल फेज आहे, मीटरपासून विहीर अडीचशे फूट. किती एचपीची घेऊ?"

ताई, उत्तर आधी देऊन टाकतो म्हणजे जीव टांगणीला लागणार नाही. तुम्हाला दीड एचपी पुरेल, आणि त्यासोबत पाइप बदलावा लागेल. तीनची गरज नाही. पाच तर तुमच्या विहिरीत उतरवूच नका. आता हे कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण दुकानात गेलात की चार माणसं चार आकडे सांगतील आणि त्या वेळी तुमच्या हातात तुमचा स्वतःचा हिशेब असायला हवा.

मोटर जळली की सगळ्यांच्या मनात पहिलं हेच येतं की ती कमी पडली. तीस वर्षं मोटरी भरतोय, माझ्या टेबलावर येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणत येतं. पण तुमच्या पत्रातच कारण लिहिलेलं आहे. टाकी भरायची तोवर मोटर टिकली. पाटाला सोडायला लागलात आणि जळली. पाटाचं काम टाकीपेक्षा सोपं, उंची नाही, लांबी नाही, मग जळायची कशी? इथेच बहुतेकांची फसगत होते.

तुमचा पंप सेंट्रिफ्यूगल जातीचा आहे. आतला इंपेलर गरगर फिरून पाणी बाहेर भिरकावतो. पाणी जितकं उंच चढवायचं तितकं ते कमी येतं, आणि कमी पाणी ढकलायला मोटरीला कमी ताकद लागते. उंची काढून घेतलीत की पाणी धो धो सुटतं आणि ते सगळं ढकलायचा भार मोटरीवर येतो. पंपाच्या पट्टीवर 'हेड', म्हणजे पाणी किती उंच चढवायचं, त्याचे मीटरमध्ये दोन आकडे असतात. तुमच्या पट्टीवर ते बहुधा वीसच्या पुढून तीसच्या आसपास असतील, कारण टाकीच्या कामाला तसाच पंप लागतो. पाटाला सोडता तेव्हा मात्र हेड जेमतेम दहा मीटर राहतं. म्हणजे पट्टीवरच्या हद्दीच्या पार बाहेर. मोटर कण्हत राहते, पाटातलं पाणी बघून आपण खूश असतो, आणि आत वायंडिंग तापत जातं.

खात्री करून घ्यायची असेल तर वायरमनला क्लॅम्प मीटर घेऊन बोलवा. जुनी मोटर भरून आणली असेल तर एकदा टाकीला लावून करंट बघा, एकदा पाटाला सोडून बघा. २ एचपीच्या सिंगल फेज मोटरीच्या पट्टीवर दहा-अकरा अँपिअर असतात. पाटाच्या वेळी काटा त्याच्या वर गेलेला दिसेल. मग पाटाचा कॉक हळूहळू आवळत जा, करंट उतरताना दिसेल. कॉक आवळला की मोटरीवर ताण येतो असं समजून लोक तो सताड उघडा ठेवतात. या जातीच्या पंपात गोष्ट उलटी आहे. (पूर्ण बंद करून मात्र चालवत बसू नका, आतलं पाणी उकळायला लागतं आणि सील जातं.)

यात भर संध्याकाळच्या व्होल्टेजची. सहा-सातच्या सुमारास घराघरातले पंखे, दिवे, फ्रिज आणि सगळ्या आगरांतले पंप एकदम चालू होतात, आणि लाइनच्या टोकाला असलेल्या घरात २३० चे १८० व्होल्ट होतात. पन्नासच कमी झाले असं वाटतं. पण इंडक्शन मोटरीची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० मिळाले की ओढ शंभरावरून एकसष्टावर येते. पाणी तर तेवढंच ढकलायचं आहे, म्हणून मोटर जास्त करंट ओढते. करंट सव्वापट झाला की वायंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर जाते. आणि वायंडिंग नेहमीपेक्षा दहा अंश जास्त तापत राहिलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

ज्यांनी तुमची मोटर भरली त्यांना एकच विचारा: उघडली तेव्हा काय दिसलं? सिंगल फेज मोटरीत दोन वायंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. फक्त स्टार्टिंगचं जळून कोळसा झालं असेल आणि रनिंगचं तांबं अजून लालसर चमकत असेल, तर मोटर सुरू होतानाच अडली. कंडेन्सर कमजोर, स्विच चिकटलेला किंवा व्होल्टेज फारच कमी. पण रनिंगच्या सगळ्या गुंड्या चहूबाजूंनी सारख्या काळपट असतील, वार्निश पापडासारखं सुटून येत असेल, स्लॉटमधला कागद बोटानं चुरगळत असेल, तर ती मोटर एका दिवसात मेलेली नाही. कित्येक संध्याकाळी तिनं जादा भार वाहिलाय. तुमच्या पत्रावरून मला ही दुसरीच गोष्ट वाटते. ओव्हरलोड रिले (जादा करंट आला की मोटर बंद करणारा) असेल तर त्याचा काटाही बघा. 'सारखा ट्रिप होतो' म्हणून कोणीतरी तो वर सरकवून ठेवलेला असतो. रिले ओरडून सांगत असतो आणि आपण त्याचंच तोंड बांधतो.

आता नव्या मोटरीचा हिशेब. त्याला तीन मापं लागतात: पाणी किती हवं, किती उंच चढवायचं आणि कोणत्या पाइपातून.

पाण्यापासून सुरुवात करू. ठिबकनं द्यायचं तर भर उन्हाळ्यात माडाला दिवसाला तीस-चाळीस लिटर आणि पोफळीला पंधरा-वीस लिटर धरतात. वरचे आकडे घेतले तरी चाळीस माडांना १,६०० लिटर, साडेतीनशे पोफळींना ७,०००. केळी, जायफळं धरून दहा हजार लिटरच्या आसपास. पाटानं दिलंत तर जवळपास दुप्पट लागेल, कारण तुमची जमीन पुळणवट. अळ्यापर्यंत पोचायच्या आधीच पाटात निम्मं मुरतं. म्हणून माझा आग्रह आहे की सगळं पाणी टाकीत चढवा आणि टाकीतून नळ्यांनी खाली सोडा. टाकी पंचवीस फूट उंच आहे, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास दाब फुकटचा मिळतो. साध्या मायक्रोट्यूबला तो पुरतो. पाटाचा कॉक बंद झाला की मोटर जळायचं मुख्य कारणही गेलं.

दहा हजार लिटर दिवसाला हवेत तर सेकंदाला दोन लिटर येणारा पंप दीड तासात काम उरकतो. सेकंदाला दोन लिटर म्हणजे वीस लिटरची बादली दहा सेकंदांत भरणं. एवढ्या आगराला याहून जास्त धार लागत नाही.

उंची मोजायला दोरीला दगड बांधा. वैशाखातल्या पाण्यापासून काठापर्यंत सव्वीस फूट, तिथून टाकीच्या तोंडापर्यंत तुमच्या म्हणण्याप्रमाणे पंचवीसेक. उताराची उंची नजरेनं धरू नका, गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी आणा आणि टप्प्याटप्प्यानं मोजा. उतारावर नजर हमखास चुकते. तुमचा आकडा बरोबर असेल तर एकूण सोळा मीटर झाले.

आणि पाइप. लोक मोटरीवर हजारो रुपये घालतात आणि पाइपात पाचशे वाचवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. साडेतीनशे फूट लांबीत सेकंदाला दोन लिटर न्यायचे तर तुमच्या सव्वा इंची पाइपात पाणी घासून जी ताकद वाया जाते ती तेरा मीटर उंची चढवण्याइतकी आहे. दीड इंची घातलात तर तीच चार मीटर होते. दोन इंचीत जेमतेम सव्वा मीटर. कोणी एक इंची घाला म्हणाला तर ती कितीतरी वाढेल, म्हणजे एवढी धार येणारच नाही. सव्वा आणि दीड इंचीत पाव इंचाचा फरक, आणि मोटरीला चढायला तीन मजले कमी.

एल्बो, वॉल्व्ह, जोड यांचे आणखी दोन मीटर धरा. सव्वा इंची पाइपावर एकूण हेड एकतीस मीटर, दीड इंचीवर बावीस. आता सूत्र: सेकंदाला लिटर गुणिले मीटर भागिले ७५, म्हणजे पाण्याला लागणारा एचपी. लहान पंप मिळालेल्या ताकदीतली निम्मीच पाण्याला देतो, म्हणून त्याची दुप्पट करायची. बावीस मीटरला दोन गुणिले बावीस भागिले पंचाहत्तर, म्हणजे ०.५९, दुप्पट १.१७. वर पंधरा-वीस टक्के राखीव धरले की १.४. बाजारात त्याच्या वरचा आकार दीड एचपीचा. तोच हिशेब एकतीस मीटरला केलात तर जवळपास दोन येतो. म्हणजे सासऱ्यांनी सव्वा इंची पाइपावर टाकीसाठी घेतलेला २ एचपीचा पंप अगदी बरोबर होता. त्यांची निवड चुकली नव्हती. पुढे काम बदललं आणि पंप तोच राहिला.

इथवर आकडे झाले. पण आपल्या किनारपट्टीला मोटरीचा आकार ठरवण्यात शेवटचा शब्द विहिरीचा असतो.

दहा फूट रुंदीच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे २,२०० लिटर. वैशाखात चार फूट उरतं म्हणजे ८,८०० लिटर. ५ एचपीचा पंप चांगल्या पाइपावर सेकंदाला सहा-सात लिटर सहज उपसतो. वीस-बावीस मिनिटांत विहीर कोरडी. मग तो हवा ओढतो, सील जळतं, आणि तुम्ही काठावर उभ्या राहून झरे परत कधी भरतात याची वाट बघणार. सिंगल फेजवर तो सहसा चालवत नाहीत, त्याला बहुधा थ्री फेज घ्यावी लागेल, तो खर्च निराळाच.

झरे किती देतात तेही मोजून ठेवा. चैत्रातल्या एका दिवशी पंप तासभर चालवून बंद करा, दोरीला गाठ मारा, तासानं परत बघा. समजा सहा इंच वर आलं, तर तासाला अकराशे लिटर येतात. दीड एचपीचा पंप एक तास चालला तर ७,२०० काढतो, त्यातले अकराशे मागून भरतात, म्हणजे पातळी पावणेतीन फूट उतरते आणि पाच-सहा तासांत जागेवर येते. सकाळी पाऊण तास, दुपारी पाऊण तास. तुमची गरज भागली आणि विहीरही उघडी पडली नाही. गाठ तीनच इंच वर आली तर दोनाचे तीन फेरे करा, मोटर तीच ठेवा.

सासूबाई रहाटाचं म्हणतात ते म्हणूनच मनावर घ्या. एक बैल दिवसभर चालला तर अर्ध्या एचपीच्या आसपास ताकद देतो. गाडगी एकामागून एक वर यायची, डोणीत रिकामी व्हायची, आणि जेवढं पाणी वर जायचं तेवढ्यात झरे मागून भरत राहायचे. बैलाच्या चालीनं विहिरीचं तळ कधी उघडं पडत नव्हतं.

तळ उघडं पडणं समुद्राजवळ किती महागात जातं ते मी स्वतः पाहिलंय. धंद्याला लागून चार-पाच वर्षं झाली होती. किनाऱ्यालगतच्या एका आगरवाल्यानं विचारलं, मोठी घेऊ का? विहिरीला पाणी भरपूर दिसत होतं. मी म्हटलं, घ्या. ५ एचपी बसला, दोन उन्हाळे धो धो पाणी चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी तांब्याभर पाणी माझ्या हातात दिलं. मचूळ. जिभेवर ठेवताच कळलं. माड तग धरून राहिले, माडाला थोडा खारटपणा सोसतो. पोफळी मात्र शेंड्याकडून पिवळ्या पडत गेल्या. त्या माणसानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. ती विहीर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि त्यानंतर समुद्राजवळ कोणालाही विहीर मोजल्याशिवाय मोटर सांगितलेली नाही.

कारण असं आहे: किनाऱ्याला जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी थोडंच जड, शेकडा अडीच. म्हणून भूजलाचा ठोकताळा असा की गोड्या पाण्याची पातळी एक मीटर कायमची उतरली तर खालचं खारं पाणी चाळीस मीटरपर्यंत वर सरकू शकतं. एका दिवसात हे होत नाही, पण रोज विहीर तळाशी नेलीत तर वर्षागणिक होत जातं, आणि परत गोडं व्हायला कित्येक पावसाळे लागतात. शेजारच्यांचा ५ एचपी तुमच्याच भूजलातून ओढतोय. त्यांच्याशी भांडू नका, पण त्यांच्या विहिरीचं पाणी चैत्रात चाखून बघा. दोघांनी मिळून वेळा ठरवल्या तर दोन्ही विहिरी वाचतील.

आता दुकानात काय मागायचं ते सांगतो. मोनोब्लॉक पुन्हा ओट्यावर बसवायची गरज नाही. काठावर तर बसवूच नका. सक्शननं पाणी व्यवहारात वीस-एकवीस फुटांच्या वर ओढलं जात नाही, आणि तुमचं वैशाखातलं पाणी सव्वीस फुटांवर आहे. १.५ एचपीचा सिंगल फेज ओपनवेल सबमर्सिबल घ्या, आडवा. तो पाण्यातच राहतो, प्रायमिंग नाही, फूटव्हॉल्व्ह नाही, मृगाच्या आधी चार माणसं गोळा करून वर ओढायची धावपळ नाही. आयएस १४२२० हा या पंपांच्या मानकाचा आकडा बघून घ्या, वीज बचतीचं बीईईचं स्टार लेबल मिळालं तर तेही. त्याहून महत्त्वाचं, पट्टीवरचं हेड वाचा.

आपल्याकडे एक गोष्ट घाटावरच्या पेक्षा वेगळी आहे, दुकानदार ती सहसा सांगत नाहीत. श्रावणात तुमच्या विहिरीत कळशी हातानं बुडते. म्हणजे वैशाखात जे हेड बावीस मीटर असतं ते पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत चौदावर येतं. त्या दिवसांत पिण्यापुरती टाकी भरलीत तरी पंप कमी हेडवर चालतो. म्हणून असा पंप घ्या ज्याच्या पट्टीवर साधारण बारा ते सव्वीस मीटर असा पल्ला आहे आणि ज्याचं नेमून दिलेलं हेड वीस-बावीसच्या जवळ आहे. नुसतं 'जास्त हेडचा द्या' म्हणालात तर तीस-चाळीस मीटरचा हातात पडेल आणि पहिल्या दुखण्यावर परत याल.

केबलचा विषय दुकानदार मोटरीनंतर काढतो, तुम्ही आधी काढा. दीड एचपी चालताना आठ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर पाचपट, म्हणजे चाळीस. अडीचशे फुटांवर दीडची (दीड चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर टाकलीत तर त्या क्षणी सत्तरच्या वर व्होल्ट वायरीतच हरवतात. आधीच १९० असतील तर मोटरीला १२० मिळणार, ती गुणगुणत उभी राहणार, स्टार्टिंग वायंडिंग गेलं. चारची घातलीत तर तेच नुकसान तीसच्या आत राहतं. चारचीच घ्या. पंप चालू असताना पंपाजवळच्या बोर्डावर व्होल्टेज बघा. २०० च्या खाली दिसलं तर त्या वेळी चालवू नका. पहाटे पाच-साडेपाचला लाइन सगळ्यात चांगली असते. एक फेरा तेव्हाचा ठेवा, दुसरा दुपारचा. संध्याकाळ सोडून द्या. पॅनेल घेताना लो-व्होल्टेज आणि ड्राय-रन कटऑफ असलेलं घ्या, कारण विहिरीवर लक्ष ठेवायला दर वेळी तुम्ही हजर असालच असं नाही.

आणि ताई, तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग यावर कोणी घासाघीस केली तरी ऐकू नका. आगरात आपण अनवाणी, ओल्या मातीत उभे असतो. जांभा उन्हाळ्यात सुकून कोरडा दगड होतो, त्यात ठोकलेली सळई अर्थिंग म्हणून काही कामाची नाही. खड्डा खोल घ्या, मीठ-कोळसा भरा आणि फाल्गुनापासून आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओतत जा. ईएलसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. खाऱ्या वाऱ्यानं टर्मिनलवर पांढरी पूड आणि तांब्यावर हिरवा कळंक चढतो, म्हणून बोर्ड पत्र्याचा नको, प्लास्टिकचा झाकणबंद घ्या आणि विहिरीच्या काठावर न ठेवता पडवीत लावा. घरच्या मीटरवरचा मंजूर भार या पंपाला पुरतो का, की शेतीचं वेगळं कनेक्शन घ्यायला हवं, ते वीज कार्यालयात पंप घ्यायच्या आधी विचारा.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत की पंपाची मोटर पुढेमागे खोबरेल तेलाच्या घाण्याला लावता येईल का. तो हिशेब अगदी वेगळा. पंप रिकामा सुरू होतो आणि भार हळूहळू घेतो, घाणा पहिल्या फेऱ्यापासून भरलेला असतो. त्याला मिनिटाला १,४४० फेऱ्यांची चार पोलची मोटर लागते, पंपाची २,८८० वाली दोन पोलची लावलीत तर पट्टा तरी घसरेल किंवा कंडेन्सर तरी फुटेल. पंपाची मोटर पंपालाच राहू दे.

जुना मोनोब्लॉक भंगारात घालू नका. पुन्हा भरायला द्याल तेव्हा मूळ गेज आणि मूळ फेरे मोजून तेवढेच भरायला सांगा. दोनदा भरलेल्या मोटरीत कोणीतरी बारीक तार घातलेली असण्याची शक्यता असते, ती तशीच तापते. जुना सव्वा इंची पाइपही काढून टाकू नका, तो गुंडाळून माळ्यावर ठेवा. ऐन चैत्रात नवीन पंप आजारी पडला तर तोच मोनोब्लॉक, त्याच पाइपावर, फक्त टाकीसाठी. बसवण्याआधी वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून घ्या. एक मेगओहमच्या खाली दाखवलं तर ओल धरलीय, दोन दिवस उन्हात ठेवून परत मोजा. शाफ्ट हातानं फिरतो का तेही बघा. गंजानं आवळला असेल आणि तसंच बटण दाबलंत तर पहिल्याच मिनिटाला जाईल.

नवीन ओपनवेलला नायलॉनची जाड दोरी बांधून ठेवा, त्याच्या केबलला लोंबकळवू नका. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून पाच मिनिटं चालवा, म्हणजे गाळ बसून इंपेलर अडकणार नाही. दोरीची गाठ, टाकीची उंची आणि चालू पंपावरचं व्होल्टेज ही तीन मापं घेतलीत की मला लिहून पाठवा. पुन्हा एकदा हिशेब करून देतो, मगच दुकानात जा.